छाटणी करवत: दादरच्या एका सोसायटी बागेच्या प्रकल्प नोंदी, २०२५

१२ जानेवारी २०२५, रविवार

बागेच्या खोलीतल्या हत्यारांची मोजदाद झाली. सुताराची करवत एक, लोखंड कापायची हॅकसॉ एक, कोयते दोन, छाटणी कात्र्या तीन (एकीची स्प्रिंग गेलेली) आणि बाकदार पात्याची, लाकडी मुठीची जुनी गंजकी करवत एक.

झाडं: आंबे दोन, गुलमोहर एक, फणस एक, शेवगा एक, पांढरे चाफे दोन, फाटकावरची बोगनवेल, कुंपणाने जास्वंद आणि कढीपत्ता.

आजवर अंगठ्याएवढ्या फांदीला कात्री आणि त्यापुढे कोयता, असा रिवाज होता. कोयत्याचा घाव हवा त्या जागी बसत नाही, म्हणून माणूस हात राखून तोडतो आणि मागे खुंट राहतो. मागच्या आंब्यावर वीत-वीतभर लांबीचे सहा खुंट आहेत. त्यातल्या चारांत काडी घातली तर ती चार बोटं आत जाते, म्हणजे लाकूड आतून कुजलं आहे. खुंटाला पानं नसतात, त्याला अन्न मिळत नाही, तो मरतो आणि कुज त्याच्या वाटेने खोडापर्यंत पोचते. करवत आणायची ती या खुंटांसाठी.

सुताराची करवत का चालत नाही, तेही लिहून ठेवू. तिचे दात वाळक्या फळीसाठी बारीक काढलेले असतात. ओलं लाकूड कापलं की तंतू फुगून परत जवळ येतात आणि पात्याला आवळतात. भुसा ओला असल्यामुळे दातांमधल्या खोबणीत लगद्यासारखा बसतो. दोन इंच आत गेल्यावर ही करवत पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. हॅकसॉचे दात त्याहून बारीक, तिचा विचारच नको.

१९ जानेवारी, रविवार

या वर्षी काढायच्या फांद्यांना सुतळी बांधून जाडी मोजली. एकूण ३४ निघाल्या. त्यांतल्या २३ फांद्या ३ ते ६ सेंमीच्या, ८ फांद्या ७ ते १० सेंमीच्या आणि तीन १२ सेंमीच्या आसपास.

पात्याची लांबी फांदीच्या जाडीच्या किमान दुप्पट हवी, अडीचपट असेल तर उत्तम. कारण सोपं आहे. दात लाकडात असेपर्यंत भुसा खोबणीत अडकलेला असतो आणि दात बाहेर आल्यावरच तो गळतो. १२ सेंमीच्या फांदीवर १८ सेंमीचं पातं चालवलं तर हाताला जेमतेम ६ सेंमीची ओढ मिळते. मधले दात कधी बाहेरच येत नाहीत आणि करवत आपल्याच भुशावर घसरत राहते.

यावरून दोन करवती ठरल्या. झुडपांना आणि ६ सेंमीपर्यंतच्या फांद्यांना २१ सेंमी पात्याची घडीची. त्यापुढे ३० सेंमी पात्याची, घडी नसलेली, म्यानातली. १२ सेंमीवरचं काहीही हाताने कापायचं नाही. जमिनीवर पाय ठेवून जिथे हात पोचत नाही, तेही नाही.

त्याच दिवशी परवानगीचा अर्ज तयार केला. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. खासगी आवारातल्या झाडांची छाटणीही वॉर्डच्या उद्यान खात्याला विचारूनच करायची असते. आमचा वॉर्ड जी/उत्तर. अर्जासोबत प्रत्येक झाडाचे दोन फोटो जोडले, एक पूर्ण झाडाचा आणि एक सुतळी बांधलेल्या फांद्यांचा. झाडांच्या फांद्या आणि मेलेले खुंट या सगळ्यांना परवानगी येईपर्यंत हात लावायचा नाही. तोवर झुडपं.

२५ जानेवारी, शनिवार

खरेदी. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर. सोबत व्हर्नियर (पात्याची जाडी मोजायला), भिंग आणि झिजलेली तिकोनी कानस.

पहिला प्रश्न: करवत ओढताना कापते की ढकलताना? छाटणीला ओढून कापणारीच घ्यावी. ओढताना पातं ताणलेलं असतं, म्हणून ते पातळ असलं तरी वाकत नाही. पातळ पातं कमी लाकूड खातं आणि खांदाही कमी दुखतो. दातांची टोकं मुठीकडे झुकलेली असतील तर करवत ओढीची.

दुसरा प्रश्न: दात कानशीने लावता येतात की नाही? दातांच्या टोकांशी दोन-तीन मिलीमीटरची निळसर काळी पट्टी दिसली, तर दात विजेच्या झटक्याने क्षणभर तापवून कडक केलेले आहेत. अशा दाताची धार फार टिकते, पण त्यावर कानस नुसती काचेवरून घसरावी तशी घसरते. बोथट झालं की पातंच बदलायचं. पट्टी नसेल तर दाताच्या बाजूला कानस हलकेच टेकवून पाहावी. चावली तर दात लावता येतात. दुकानदाराला विचारूनच हे करावं आणि मुठीजवळच्या शेवटच्या दातावर करावं.

म्हणून तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा: सुटं पातं आजच्या आज मिळतं का? "मागवून देतो" याला होकार समजू नये. कडक दातांची करवत सुट्या पात्याशिवाय घेतली तर दोन-तीन वर्षांनी हातात नुसती मूठ उरते. आज पाहिलेल्या पाचांपैकी तीन करवती इथेच बाद झाल्या. त्यातली एक हाताला सगळ्यांत छान बसत होती, तरीही.

दात किती, हे मोजताना घोळ होतो. जपानी पद्धतीत ३० मिलीमीटरमध्ये किती दात ते सांगतात, बाकीचे इंचाचा हिशेब देतात. ३० मिलीमीटरला ८ म्हणजे इंचाला जवळपास ७. ओल्या फांदीला ३० मिलीमीटरमध्ये ६ ते ८ दात योग्य. १० ते १३ दात वाळक्या लाकडाला आणि बोटाएवढ्या काटक्यांना चालतात. त्याहून बारीक दात बागेत नकोत.

पाचवी गोष्ट पात्याची जाडी. जुन्या पद्धतीत दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, त्यामुळे काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि पातं मोकळं फिरतं. दुसऱ्या पद्धतीत दात सरळच असतात, पण पातं दातांपाशी जाड आणि पाठीकडे पातळ घासलेलं असतं. घेतलेल्या मोठ्या करवतीत व्हर्नियरने दातांपाशी १.३ आणि पाठीला १.० मिलीमीटर भरलं. या दुसऱ्या पद्धतीचा काप गुळगुळीत येतो. पण पात्यावर चीक साठला की ती पहिलीपेक्षा लवकर अडकते, कारण मोकळी जागा मुळात केसभरच आहे. हे सफाईच्या नोंदीत पुन्हा येईल.

पात्याचं पोलाद दोन्हींचं एसके-५, म्हणजे ०.८० ते ०.९० टक्के कार्बन. हे स्टेनलेस नाही, गंजणारच. वर कठीण क्रोमचा मुलामा आहे. शिवाजी पार्काच्या खाऱ्या हवेत मुलामा नसलेलं पातं घेऊ नये.

बाक: सरळ पातं छाती ते कंबर या उंचीवर नीट चालतं, जवळून नेमका काप घेता येतो. बाकदार पातं डोक्यावरच्या फांदीला. त्याच्या आकारामुळे नुसत्या हाताच्या वजनाने दात लाकडात बसतात, दाबावं लागत नाही. म्हणून घडीची सरळ आणि मोठी बाकदार अशी जोडी घेतली. दोन्हींची एकेक सुटी पाती आजच.

२ फेब्रुवारी, रविवार

कसोटीची पट्टी तयार केली: पॅकिंगच्या पाइनची, ५० x ५० मिलीमीटर, गाठी नसलेली. नव्या घडीच्या करवतीने आडवा काप १६ ओढींत पूर्ण झाला. धार किती उरली हे हाताला कळत नाही, कारण हात हळूहळू जास्त जोर लावायला शिकतो. याच पट्टीवर ओढी मोजत राहायच्या.

९ फेब्रुवारी, रविवार

जास्वंद, कढीपत्ता. घडीची करवत.

काप सुरू करताना पातं उडी मारतं आणि इजा होते ती बहुतेक याच वेळी. पहिल्या दोन-तीन ओढी मुठीजवळच्या दातांनी, आखूड आणि बिनजोराच्या. खाच पडली की मग पूर्ण लांबीची ओढ. जोर फक्त ओढताना, परत नेताना हात सैल. दुसरा हात कापापासून किमान १५ सेंमी दूर, त्यात चामड्याचा हातमोजा. करवतीच्या हातात मोजा नको, पकड सुटते.

दाट जास्वंदीत पात्याचं टोक मागच्या फांदीवर आपटतं. तिथे आखूड ओढीच घ्याव्यात.

२३ फेब्रुवारी, रविवार

बोगनवेल. घडीच्या पात्याचे तीन दात तुटले, टोकाकडून ११, १२ आणि १३ क्रमांकाचे.

कारण फाटकाच्या कमानीला वेल बांधायला कधीतरी वापरलेली बाइंडिंगची तार. साल तिच्यावरून वाढून ती पूर्ण झाकली गेली होती. बाहेरून एवढीच खूण दिसत होती की खोडाला एका जागी आडवी वळी पडली होती. कडक दात काचेसारखा असतो, पोलादावर वाकत नाही, तुटतो.

मुंबईत झाडाच्या खोडात काय-काय निघेल सांगता येत नाही: पाटीचे खिळे, दिव्यांच्या माळांच्या पिना, केबलची तार, कपड्यांच्या दोरीचे हूक. यापुढे कापाच्या जागी दोन्ही बाजूंना चार बोटं लोहचुंबक फिरवायचा. जुन्या स्पीकरचा चुंबक पुरतो. सालीखाली खोल गेलेला खिळा मात्र त्यालाही सापडत नाही. म्हणून आडवी वळी, काळा ओघळ किंवा विचित्र गाठ दिसली तर काप तिथून हातभर सरकवायचा.

तीन दात गेल्यावर पातं टाकून द्यायची गरज नाही. तुटक्या जागेनंतरचा दात थोडा जास्त खातो, हाताला किंचित धक्का जाणवतो, इतकंच. सलग पाच-सहा गेले असते तर बदललं असतं.

१६ मार्च, रविवार

परवानगी आठवड्याच्या मध्यावर आली, सुतळीच्या सगळ्या फांद्यांना. उद्यान खात्याचा माणूस येऊन पाहून गेला होता. फणसाची एक फांदी त्यांनी वगळली.

आज गुलमोहर. या दिवसांत त्याची पानं गळलेली असतात, त्यामुळे मेलेली फांदी कोणती हे नजरेने ठरवू नये. नखाने साल खरवडायची. खाली हिरवं आणि ओलसर लागलं तर जिवंत. तपकिरी आणि कोरडं लागलं तर वीतभर खाली सरकून पुन्हा खरवडायचं. सुतळी बांधलेल्या सातांपैकी दोन जिवंत निघाल्या, त्या सोडल्या.

गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, फांदी आपल्याच वजनाने फाटते. म्हणून तीन काप.

पहिला काप खोडापासून ३० सेंमीवर, खालून, जाडीच्या पाव ते तृतीयांश. पातं आवळायला लागलं की थांबायचं, जबरदस्ती केली तर तिथेच अडकतं.

दुसरा काप पहिल्यापासून २ ते ३ सेंमी टोकाकडे, वरून. फांदी इथे तुटून पडते. साल फाटत आली तरी खालच्या कापाशी येऊन थांबते, खोडापर्यंत लचका जात नाही.

तिसरा काप उरलेल्या खुंटाचा. हाच खरा काप, आणि करवत याच्यासाठी घेतली आहे. फांदी खोडाला मिळते तिथे फुगवटा असतो, त्याला कॉलर म्हणतात. वरच्या बेचक्यात सालीची उंचावलेली सुरकुती असते. काप सुरकुतीच्या बाहेरून सुरू करून फुगवट्याच्या बाहेर संपवायचा. फुगवट्याला पात्याचा स्पर्शही नको. तो फांदीचा भाग नसून खोडाचा आहे आणि जखम बंद करणारं लाकूड त्याच्यातूनच येतं. अमेरिकन वनखात्यातले वृक्षरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं: झाड जखम भरत नाही, तिच्याभोवती आतून भिंती घालून तिला कोंडून ठेवतं. खोडाला चिकटून सपाट काप घेतला की या भिंतीच तोडल्या जातात. माळीकाकांना सपाट काप घ्यायची सवय होती. त्यांच्यासाठी फुगवट्याच्या कडेने खडूची रेघ मारून दिली, आणि पाचही काप रेघेवर आले.

कापावर रंग, डांबर, गेरू काहीही लावलेलं नाही. त्याखाली ओल कोंडते. वाळलेल्या दिवसांत स्वच्छ काप उघडा ठेवावा.

वाळकी फांदी कापताना मोठी करवत खडखडली, काप दातेरी आला. मोठ्या दातांचं हे असंच असतं. वाळक्याला घडीची बरी.

२३ मार्च, रविवार

आंब्याचे सहा खुंट आणि चाफ्याच्या चार फांद्या. चिकाचा दिवस. गॉगल आणि पूर्ण बाह्या घालूनच काम, आंब्याचा चीक कातडीला भाजतो आणि चाफ्याचाही चुरचुरतो.

चीक वेगवेगळे, सफाईही वेगळी. चाफ्याचा दुधी चीक ओला असेतो ओल्या फडक्याने निघतो, दहा मिनिटांनी रबर होतो. मग पात्यावर खोबरेल चोळून पाच मिनिटं ठेवलं की पापुद्रा सुटतो. फणसाचा चीक पाण्याला अजिबात दाद देत नाही, त्याला पहिल्यापासून तेलच. विळीला लावतो तसं कापण्याआधीच पात्याला तेलाचा हात फिरवला तर निम्मं काम वाचतं. आंब्याचा वाळलेला तपकिरी डाग रॉकेलने जातो. रॉकेल नसेल तर टर्पेंटाइन.

घासायला दात घासायचा जुना ब्रश, आणि तो दातांच्या दिशेने, मुळाकडून टोकाकडे. तारेचा ब्रश किंवा काथ्या मारू नये, क्रोमवर ओरखडे पडतात आणि गंज तिथूनच शिरतो. खोबरेल फक्त चीक काढण्यापुरतं. पात्यावर ठेवून दिलं तर महिन्याभरात खवट होतं आणि धूळ धरतं. जवसाचं तर वाळून पापुद्राच होतो. शेवटचा हात शिलाई मशीनच्या तेलाचा, तीन-चार थेंब, आणि मग कोरड्या फडक्याने इतकं पुसायचं की बोटाला जेमतेम लागेल.

६ एप्रिल, रविवार

पुढच्या आंब्यावर कावळ्याचं घरटं, सुतळीच्या फांदीच्या वरच. ते झाड पावसाळ्यानंतर.

२० एप्रिल, रविवार

जुनी बाकदार करवत उघडली. दातांवर निळसर काळी पट्टी नाही, कानस चावते. दात मोठे, इंचाला पाच, आळीपाळीने वाकवलेले. पातं १.१ मिलीमीटर. ही माती लागलेल्या, संशयास्पद लाकडासाठी हवीच आहे. तिला बोथट झाल्याचं दुःख नाही, परत लावता येते.

गंज: रॉकेल आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, पात्याच्या लांबीच्या दिशेने. खोल खड्डे पाठीकडे आहेत, दातांपाशी नाहीत, म्हणून करवत वाचली. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवण्याचा उपाय या पात्याला चालला असता, पण कडक दातांच्या पात्यांना तो कधीच करू नये. आम्लात राहून कडक पोलाद आणखी ठिसूळ होतं.

धार लावण्याचा क्रम पाळावा लागतो.

पातं दोन लाकडी पट्ट्यांमध्ये शिकंज्यात धरलं, दात १० मिलीमीटर वर. जास्त वर ठेवलं तर पातं थरथरतं आणि कानस किंचाळते. तो आवाज आला की समजावं, कानस कापत नाही, नुसती झिजते आहे.

मग चपटी कानस दातांच्या टोकांवरून लांबीने दोनदा फिरवली. प्रत्येक टोकावर चमकता ठिपका आला. ज्यावर ठिपका नाही तो दात आखूड. अशा चार दातांसाठी बाकीचे सगळे खाली आणले नाहीत, तसं केलं तर पातं उगाच संपतं. पुढच्या दोन धारांत ते बरोबरीला येतील.

मग वाकण. ओल्या लाकडाला कापाची रुंदी पात्याच्या दीडपट, म्हणजे इथे साधारण १.६ मिलीमीटर. सेटिंगच्या पकडीने दाताचा फक्त वरचा अर्धा भाग वाकवायचा. मुळापासून वाकवला तर तुटतो. डाव्या रांगेचे सगळे आधी, मग पातं फिरवून उजवे.

शेवटी धार. तिकोनी कानस अशी घ्यावी की तिची एक बाजू दाताच्या उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त भरेल, म्हणजे तिन्ही कडा वापरता येतात. इथे ६ इंची. कानस खोबणीत टेकवली की मूळ कोन आपोआप सापडतो, तोच धरायचा. आपल्यापासून लांब वाकलेला दात घ्यायचा, एक सोडून एक, प्रत्येकी तीन घाव, फक्त पुढे ढकलताना. मागे आणताना कानस उचलायची. चमकता ठिपका नाहीसा झाला की थांबायचं, एकही जास्त घाव नाही. मग पातं फिरवून उरलेले.

कसोटीच्या पट्टीवर काप उजवीकडे भरकटला. याचा अर्थ उजव्या दातांचं वाकण जास्त. गुळगुळीत पॉलिश दगड उजव्या बाजूने दातांच्या कडेवरून एकदाच हलका फिरवला. दुसरा काप सरळ. भरकटणाऱ्या करवतीला हाताने सरळ ठेवायचा प्रयत्न करू नये, दोष दातांत असतो.

११ मे, रविवार

बारा सेंमीच्या तीन फांद्या आणि गुलमोहराचा शेंडा ठेकेदाराच्या माणसांनी दोर बांधून उतरवला. लांब काठीची करवत आणायचा विचार सोडून दिला. चार मीटर काठीच्या टोकाला कॉलर दिसत नाही, काप नेमका येत नाही आणि पुन्हा खुंटच तयार होतात.

२६ मे, सोमवार

मान्सून आज मुंबईत आला. नेहमीची तारीख ११ जून, म्हणून पावसाळी साठवण जूनच्या पहिल्या रविवारी ठरली होती. ती आज रात्रीच करावी लागली. पुढच्या वर्षी १ मेला करायची, तारखेची वाट बघायची नाही.

झाकणाला रबर असलेला प्लास्टिकचा डबा, आत २०० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे). करवती तेलाचा हात देऊन, सुती कापडात सैल गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये, आत घाम धरतो. वर्तमानपत्रही ओल ओढून घेतं आणि सोडत नाही.

२९ जून, रविवार

गंज. मोठी करवत ठीक दिसत होती, दोन आठवड्यांपूर्वी पडलेली फांदी कापून ती पुसून, तेल देऊन ठेवली होती. तरी टोकाकडच्या चार सेंमीवर नारिंगी ठिपके. आणि घडीच्या करवतीचा सांधा कुरकुरतो.

दोन्हींचं कारण एकच: जिथे फडकं पोचत नाही ती जागा. म्यानाच्या तळाशी ओला भुसा साठला होता, चमचाभर निघाला. पातं कोरडं करून पुन्हा त्या ओल्या भुशात खुपसलं जात होतं. ओला भुसा आंबट असतो आणि इथल्या हवेत समुद्राचं मीठ, दोन्ही मिळून क्रोमच्या प्रत्येक ओरखड्यातून आत जातात.

घडीच्या करवतीत पिन आणि पातं यांच्या मध्ये वॉशर असतो, त्यामागे पाणी केशाकर्षणाने शिरतं आणि उन्हात ठेवलं तरी निघत नाही. नट सोडून उघडलं, वॉशरच्या आकाराचं गंजाचं कडं पात्यावर उमटलं होतं. रॉकेल, पितळी ब्रश, ६०० नंबरचा पेपर, पुसून ग्रीसचा दाणा. परत आवळताना नट पूर्ण घट्ट करून पाव फेरा मागे: पातं आपल्या वजनाने पडता कामा नये आणि बोटाने ढकललं तर उघडलं पाहिजे. मग दोन्ही जागांवर लॉक नीट बसतो का, ते पाहिलं. हे न पाहता करवत कोणाच्या हातात देऊ नये, ओढताना लॉक सुटला तर पातं बोटांवर मिटतं.

म्यानाच्या टोकाला ६ मिलीमीटरचं भोक पाडलं. पावसाळ्यात करवत म्यानात ठेवायची नाही. म्यान फक्त बागेत नेताना, ठेवणीत पातं उघडं आणि म्यान शेजारी उलटं.

या सगळ्या वर्षातली सर्वांत उपयोगाची नोंद बहुधा हीच. लोक दातांना तेल देतात. खरी गरज टोकाला आणि सांध्याला आहे.

२७ जुलै, रविवार

शेवगा वाऱ्याने मोडला, दीड मीटरवर. वॉर्डला कळवून, फोटो देऊन मोडका भाग काढला. शेवग्याचं लाकूड भेंडासारखं, लांब तंतूंचं. खालचा काप घेतला नाही तर साल जमिनीपर्यंत सोलून येते. दात दर दहा ओढींनी भरतात, करवत बाहेर काढून झटकावी लागते.

पावसात बुरशी एका झाडाकडून दुसऱ्याकडे पात्यावरून जाते. दोन झाडांच्या मध्ये आधी भुसा पुसून मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं. भुसा न पुसता स्पिरिट फिरवलं तर उपयोग नाही. ब्लीच नको, पोलाद खातं.

३१ ऑगस्ट, रविवार

सिलिका जेलचे दाणे ओल पिऊन निळ्याचे गुलाबी. खास त्यासाठी ठेवलेल्या जुन्या तव्यावर, मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून परत निळे होईपर्यंत.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. हत्यारं पाटावर मांडली. हळद-कुंकू मुठीला लावलं, पात्याला नाही, आणि झेंडूही मुठीशीच. पूर्वी पात्यावर ओलं गंध लावून दसऱ्यापर्यंत तसंच ठेवायचे. जुन्या बाकदार करवतीच्या पाठीवरचे खड्डे एका रांगेत, पाच बोटांच्या अंतराने आहेत, ते बहुधा त्याचेच. पूजा झाल्यावर तेलाचा हात.

१२ ऑक्टोबर, रविवार

कसोटीची पट्टी. घडीची करवत २९ ओढी (फेब्रुवारीत १६). भिंगाखाली दातांच्या टोकांवर पांढरे ठिपके: धारदार टोक प्रकाश परतवत नाही, बोथट टोक चमकतं. पातं बदललं. नवं १५ ओढींत. मोठीचं पातं कमी वापरलं गेलं, ते अजून ठीक.

पुढच्या आंब्याची राहिलेली फांदी काढली. घरटं रिकामं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

मार्चच्या कापांची पाहणी. गुलमोहराच्या पाचांपैकी चारांवर नव्या लाकडाची वळी चहूबाजूंनी सारखी, जवळपास एक सेंमी. पाचव्यावर फक्त दोन्ही कुशींना, वर आणि खाली नाही: तिथे रेघ मारताना खडूच फुगवट्याच्या आत गेला होता. आंब्याच्या खुंटांपैकी जे आधीच कुजले होते, त्यातल्या दोनांवर कापाच्या मधोमध पोकळी आहे. ती कोरली नाही, सिमेंट भरलं नाही. कडेची वळी चालू आहे तोवर तिला हात लावायचा नाही.

मोठ्या करवतीची रबरी मूठ चिकट व्हायला लागली आहे. दमट उष्म्यात मऊ रबराचं असं होतं. स्पिरिटने पुसून टाल्कम पावडर चोळली, त्याने काही महिने निघतील. पुढे सायकलच्या हँडलची कापडी पट्टी गुंडाळावी लागेल.

घडीच्या करवतीचं जुनं पातं ठेवून दिलं आहे, पाठीवर ऑइल पेंटने लाल पट्टा ओढून. कुंड्या बदलताना मुळं कापायला ते वापरायचं. मातीतले खडे धार पाच मिनिटांत घालवतात, त्या कामाला चांगलं पातं कधीच नाही. सुटं पातं आता एकही शिल्लक नाही, डिसेंबरच्या आत नागदेवीला जाऊन दोन आणायची.